मज्जारज्जूला मार लागल्यावर स्टेम सेलने पुन्हा चालता येतं का?

खात्रीचा उपचार अजून नाही, पण आशा खरी आहे. जपानच्या केइओ विद्यापीठाने २०२१ पासून ४ रुग्णांच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या मज्जारज्जूत आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन केलेल्या, कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल) बनवलेल्या प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी टोचल्या. २०२५ मध्ये निकाल सांगितले: एकजण आधाराशिवाय उभा राहू लागला. मोठी गोष्ट आहे ही! पण दोघांत फारसा फरक पडला नाही, आणि चौघांचीही दुखापत ताजी, काही आठवड्यांचीच होती. जुन्या दुखापतीत तिथे व्रण धरतो, चेतातंतूंची वाट अडते. म्हणून लाखो रुपये घेऊन ‘गॅरंटी’ देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. खात्रीचा उपचार येईपर्यंत फिजिओथेरपी सोडू नका, अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलून द्या.