चार वर्षांच्या मुलाला इसब आणि धाप आहे. 'घर फार स्वच्छ ठेवता म्हणून अ‍ॅलर्जी झाली, सहा महिने गावी गोठ्यात राहिला की बरा होईल' हे खरं आहे का?

बरा करायला म्हणून पाठवू नका. आजीकडे राहायला, हुंदडायला जरूर न्या, पण धापेचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) बरोबर ठेवून आणि तुमच्यापैकी कोणीतरी सोबत राहून.

तुम्ही लिहिलंय की गावी राहून पोटातले 'चांगले जंतू' वाढतील, जोडीला प्रोबायोटिकच्या, म्हणजे अशाच जिवंत जंतूंच्या, पुड्या द्यायच्या, असं तुमच्या आईंचं म्हणणं आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचंही अगदी हेच म्हणणं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझा मुलगा सिझरचा. पोटात ठोके कमी झाले, डॉक्टरांनी दहा मिनिटांत आत घेतलं. दोन-तीन महिन्यांचा असताना गालांवर लाल चट्टे उठले, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत. रात्रभर खाजवायचा, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके. पुढे अंड्याने ओठ सुजले आणि तिसऱ्या वर्षी छातीत घरघर सुरू झाली. जाऊबाईंची तिन्ही मुलं कऱ्हाडजवळच्या आमच्या घरी, गोठ्याला लागून वाढलेली, एकालाही यातलं काही नाही. "फिनेलने फरशी पुसून पुसून पोराची ताकद घालवलीस," हे त्या पाहुण्यारावळ्यांसमोर म्हणायच्या. सिझरचाही उद्धार व्हायचा, जणू मीच हौसेनं करून घेतलं होतं.

एका मे महिन्यात गावी गेलो. मी आत भाकऱ्या थापत होते तेवढ्यात त्या त्याला गोठ्यात घेऊन गेल्या. कडबाकुट्टीचं मशीन चालू होतं. त्याचा भुसा उन्हाच्या तिरपेत नुसता तरंगत असतो, उभ्या माणसाच्या पापण्यांवर बसतो. "होऊ दे सवय," म्हणाल्या. आणि पंप माझ्या पर्समधून काढून फडताळात वर ठेवून दिला, कारण 'त्याची सवय लागते'. म्हणजे भुशाची सवय लागावी आणि औषधाची लागू नये!

रात्री मला जाग आली ती त्याच्या श्वासाच्या आवाजाने. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या, "आई पाणी" एवढंही एका दमात बोलता येईना. पंप सापडेना. नवऱ्याने तशीच गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला, पहाटेपर्यंत तिथेच बसून होतो. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, शहरातली हवा अंगात मुरलीय, दुसरं काय. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं.

त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकांनी ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना गवताच्या परागांची सर्दी कमी. तिथून 'जास्त स्वच्छता, जास्त अ‍ॅलर्जी' ही कल्पना निघाली आणि लोकांनी ती थेट बाईच्या हातातल्या पोछ्याला नेऊन चिकटवली. पण अमेरिकेतले अमिश आणि हटराईट बघा. दोन्ही समाज मूळचे युरोपातले, खाणंपिणं सारखं, दोघेही शेतकरी, दोघांचीही घरं टापटीप. अमिश घोड्यांवर आणि हाताने शेती करतात, गोठा घराला लागून. हटराईटांची शेती यंत्रांवर, मोठी आणि घरापासून लांब. अमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास, हटराईट मुलांत २१ च्या. २०१६ साली घरातली धूळ तपासली तेव्हा जंतूंच्या आवरणातून येणारं एंडोटॉक्सिन अमिश घरांत जवळपास सातपट निघालं. मग फरशी पुसण्याचा संबंध कुठे आला? फरक गुरांच्या सहवासाचा आहे.

आता जाऊबाईंच्या म्हणण्यातली खोट. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या खेड्यांतला २००१ चा अभ्यास आहे. पहिल्या वर्षातच गोठा आणि घरच्या गुरांचं दूध मिळालेल्या मुलांत दमा १ टक्का. तेच एक ते पाच वर्षांच्या दरम्यान मिळालेल्यांत ११ टक्के. गरोदर बाई गोठ्यात काम करत असेल तर तिच्या बाळालाही फायदा दिसतो. जाऊबाई नवव्या महिन्यापर्यंत धारा काढत होत्या. त्यांच्या मुलांना जे मिळालं ते त्या वयात मिळालं, माझ्या मुलाला तिसऱ्या वर्षी उसनं कसं मिळणार?

पोटातल्या जंतूंचंही तेच. कॅनडात बाळांची शी तपासली, तेव्हा पुढे दम्याचा धोका असलेल्या बाळांत तिसऱ्या महिन्याला जंतूंचे चार गट कमी आढळले. वर्षाची होईपर्यंत तो फरक बराचसा पुसला गेला होता. हे जंतू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि त्यामुळे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी वाढतात. तो लगाम लहानपणी नीट बसला नाही की शरीर साध्या परागावर, भुशावर, अंड्यावर चवताळून उठतं. आणि दाह एकदा मुरला की मूल हसत खेळत असतानाही श्वासनलिकेचं अस्तर आतून सुजलेलं असतं. अशा मुलाला भुशात उभं करणं म्हणजे विस्तवावर कडबा टाकणं. रोजचा पंप ही सूज उतरवतो. त्यातलं स्टेरॉईड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जातं. त्याची चटक लागत नाही. हे वाक्य मी जाऊबाईंना आजही सांगते.

प्रोबायोटिकबद्दल विचारलंत. इसब बरं करायला त्याने फारसा फरक पडत नाही, असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्या एकत्र करून तपासतात) स्पष्ट म्हटलंय. पुड्यांचे पैसे वाचवा. दही-ताक, भाकरी, उसळी, भाज्या घाला, पण औषध म्हणून नाही, जेवण म्हणून.

त्यापेक्षा कातडी सांभाळा. इसबाच्या कातडीला भेगा असतात, चट्टे उसळतात तेव्हा तिथे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू माजतो, बाकीचे जंतू हटतात आणि खाज आणखी वाढते. आंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम ते सांगतील तितके दिवस. शेजारणीने सांगितलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. आमच्याकडे रात्रीची झोप परत आली ती याने.

काही गोष्टी राहिल्या. सिझरमुळे दम्याचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे, पण सिझरची बहुतेक मुलं ठणठणीत असतात, तेव्हा बायकोला कोणी ऐकवत असेल तर मध्ये पडा. फवारायची क्लीनर आणि उग्र वासाचं फिनेल धापेच्या मुलाजवळ नकोच, तेवढं जाऊबाईंचं मी मानलं. कच्चं दूध देऊ नका, ब्रुसेलोसिस (गुरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षयाची भीती असते. प्रतिजैविकं उगाच देऊ नका, पण न्यूमोनियाला द्यावीच लागतात. आणि दुसरं बाळ होणार असेल तर शेंगदाणे, अंडं वर्षभर टाळायचा जुना सल्ला विसरा. लंडनच्या २०१५ च्या चाचणीत लवकर शेंगदाणा दिलेल्या बाळांत त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. बारीक कूट किंवा पेस्ट द्यायची, आणि बाळाला जोरदार इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

गावी जाल तेव्हा कुट्टी चालू असताना आणि मळणीच्या वेळी मुलाला घरात ठेवा. पंप कुठे आहे, किती पफ द्यायचे, हे आईंना स्वतः दाखवा, त्यांच्याकडून एकदा करून घ्या, आणि तो फडताळात ठेवू देऊ नका.