चिकटलं म्हणजे काम केलं असं नव्हे

ठाणे, रविवार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. आरएनएला चिकटणारं ते प्रथिन पेशींतून काढलंस, तरी जनुकाचा एमआरएनए (ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची प्रत) होता तेवढाच राहिला, म्हणून प्रयोग फसला असं ठरवून मोकळी झालीस. एवढी घाई नको. आरएनएला चिकटणारी प्रथिनं पुष्कळदा त्याचं प्रमाण बदलतच नाहीत. त्याची कापणी-जोडणी, पेशीतली जागा किंवा त्यावरून प्रथिन किती बनायचं, यांत ती हात घालतात. आधी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) लाव, मग बोलू.

संध्याकाळी खारघरहून ठाणे लोकलमध्ये बसायला मिळालं, तर लिन२८ या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनावरचे पेपर वाच. लेट-७ हा एमआरएनएंना दाबणारा चिमुकला आरएनए. भ्रूणीय मूलपेशींत त्याचा कच्चा आरएनए बनत असतो, पण तयार लेट-७ शोधायला जा, जवळजवळ नाहीच! मधल्या टप्प्यावर लिन२८ त्या दुमडलेल्या आरएनएचं वळण धरून बसतं आणि टुट४ या एन्झाइमला बोलावतं. टुट४ शेपटीला युरिडिनची (आरएनएतल्या ‘यू’ अक्षराची) माळ जोडतं. मग कच्चा आरएनए कापून तयार करणाऱ्या डायसर या एन्झाइमला तो कापता येत नाही, आणि डीआयएस३एल२ हे आरएनए खाणारं एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. पेशी मूलपेशीपण सोडून बदलायला लागली की लिन२८ ओसरतं, लेट-७ वाढतं आणि उलट लिन२८ चाच एमआरएनए दाबतं. जनुक चालू की बंद एवढंच पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

क्लिपमधली (प्रथिन आरएनएवर कुठे चिकटतं ते शोधायच्या पद्धतीतली) शिखरं पाहून मात्र हुरळू नकोस. लिन२८ हजारो एमआरएनएंना चिकटतं. त्या सगळ्यांवर त्याची सत्ता चालते असं नाही. प्रथिन आरएनएला पक्कं जोडणारा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश न दिलेली एक प्लेट दर वेळी सोबत चालव. शिवाय आरएनएवरच्या चिकटण्याच्या जागेतली एक-दोन अक्षरं बदलून बघ. परिणाम नाहीसा झाला, तरच तुझं म्हणणं टिकेल. काम कंटाळवाणं आहे, गाइड कुरकुरतील, तरी कर.

आणि मूलपेशींच्या वसाहती कडेला पसरट दिसल्या, तर त्या दिवशी नमुना घेऊच नकोस. त्या आधीच बदलायला लागलेल्या असतात, आणि तो फरक तू प्रथिनाच्या खात्यावर मांडशील.

शनिवारी येताना ब्लॉटचा फोटो आण. कापून देखणा केलेला नको, अख्खा हवा. प्रकाश न दिलेल्या प्लेटची लेनही त्यात दिसू दे.

तुझे,
सर