युटा-नेवाडाच्या वाळवंटात कच्च्या रस्त्यांवर फिरायला कुठला रोड अ‍ॅटलस घ्यावा?

तुम्ही विचारलंय की युटा, अ‍ॅरिझोना, नेवाडा या पट्ट्यात हायवे सोडून आत मातीच्या रस्त्यांवर आठवडाभर फिरायचंय, गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, नुसत्या फोनवर भरवसा ठेवायचा नाहीये, तर डीलॉर्म कंपनीचा घेऊ की बेंचमार्कचा. एकच घ्यायचा असेल तर बेंचमार्क घ्या. पण का ते पण वाचा, कारण बरेच जण दुकानात दोन्ही उघडतात, ज्यात रेषा जास्त दिसतात तो उचलतात, आणि वाळवंटासाठी नेमकी हीच कसोटी उलटी आहे.

रँड मॅकनॅलीसारखा अख्ख्या देशाचा अ‍ॅटलस असेल घरी तर असू दे, इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या हायवेवर, तो छान चालतो, पण त्यात पूर्ण राज्य एकदोन पानांत उरकलेलं असतं त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला हवाय एका राज्याचा मोठ्या पानांचा अ‍ॅटलस. तीन राज्यं म्हणजे तीन अ‍ॅटलस, याला इलाज नाही.

डीलॉर्म म्हणजे मेन राज्यातली कंपनी, १९७६ मध्ये मेनच्याच अ‍ॅटलसपासून सुरू झाली, हळूहळू पन्नासही राज्यं केली, २०१६ मध्ये गार्मिनने विकत घेतली. शिकारी, मासेमारीवाले, भूगर्भशास्त्राचे लोक, सगळ्यांच्या गाडीत वर्षानुवर्षं हाच असायचा, आणि कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असल्यामुळे चढउताराचा अंदाज येतो हे खरंच आहे. अडचण आहे ती बारीक रेषांची. युटाच्या दक्षिण भागात १९५० च्या दशकात युरेनियम शोधायला लोकांनी बुलडोझर घालून जिकडे तिकडे रस्ते काढले, त्यातले कितीतरी पुढच्या पावसांत वाहून गेले, काही दरडीखाली गेले, पण एकदा नकाशावर आलेली रेषा सहजासहजी जात नाही. मग काउंटी (तिकडचा जिल्हा) दरवर्षी ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, फिरवते तो चांगला रस्ता आणि सत्तर वर्षांपूर्वीची दोन चाकोऱ्या उरलेली वाट डीलॉर्ममध्ये जवळपास सारखीच दिसते. शहराजवळ असाल तर फरक पडत नाही, वळून परत येता. इथे वळायला जागाच नसेल तर?

बेंचमार्क ओरेगनची कंपनी, मुख्यतः पश्चिमेकडची राज्यंच करते. रेषा कमी आहेत पण प्रतवारी लावलेली आहे, म्हणजे डांबरी, खडीचा, मातीचा, फोर व्हील ड्राइव्हचा अशी. कंटूरऐवजी डोंगरांना सावली दिलेली असते त्यामुळे मेसाची, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगराची, कडा कुठे तुटते, दरी कुठून सुरू होते हे पान उघडल्या उघडल्या कळतं, कंटूर वाचायची सवय नसेल तर हे फार सोपं पडतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जमीन कोणाची ते रंगांनी दाखवलेलं असतं, त्याकडे येतोच.

त्याआधी स्केल. या अ‍ॅटलसांचं स्केल साधारण १:२,५०,००० च्या आसपास असतं, राज्याप्रमाणे थोडं बदलतं. म्हणजे एक सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. आता दोन फाटे एकमेकांपासून अडीचशे मीटरवर असतील तर कागदावर त्यांच्यात एक मिलिमीटर राहतो, आणि रस्त्याची रेषाच जवळपास तेवढी जाड! त्यामुळे "इथे डावीकडे वळायचं" हे ठरवायला कुठलाही रोड अ‍ॅटलस वापरू नका, त्याचं ते कामच नाही. तो आदल्या रात्री बसून बघायला असतो, उद्या कुठून शिरायचं, पुढे रस्ता बंद निघाला तर दुसरी वाट कुठली, सगळ्यात जवळचा डांबरी रस्ता किती लांब, पेट्रोल कुठे. फोनच्या छोट्या पडद्यावर हे चित्र एकदम दिसत नाही, झूम आउट केलं की कच्चे रस्ते गायब आणि झूम इन केलं की आजूबाजूचा मुलूख गायब.

पेट्रोलवरून आठवलं, गावाचं नाव छापलंय म्हणजे गाव आहे असं नेवाडात अजिबात समजू नका. रिकाम्या पानावर नकाशावाले जुन्या खाणींच्या वस्त्यांची पण नावं घालतात. बीटीजवळचं ऱ्हायोलाइट घ्या, नाव आहे, ठिपका आहे, प्रत्यक्षात पडक्या भिंती. पेट्रोल बीटीलाच. झऱ्यांचंही तसंच, नकाशावर झरा दाखवलाय म्हणून पाणी कमी घेतलं असं करू नका.

आता जो मुद्दा कुठलाच अ‍ॅटलस नीट सांगत नाही तो. दक्षिण युटातल्या ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे या संरक्षित भागातला कॉटनवुड कॅन्यन रोड बघा. अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाहून ब्राइस कॅन्यनला जायचं तर नकाशावर हा अगदी सरळ शॉर्टकट दिसतो, हायवे ८९ वरून शिरून कॅननव्हिलला बाहेर, साधारण ४६ मैल मातीचा रस्ता. कोरडा असताना लोक साध्या गाड्या घेऊनही जातात. पण त्याच्या मोठ्या भागात बेंटोनाइटची चिकणमाती आहे, पाऊस पडला की ती ओल्या साबणासारखी होते, टायरच्या खाचा पाच मिनिटांत भरून जातात आणि मग फोर व्हील ड्राइव्ह असली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरत बसतात. अ‍ॅटलसमध्ये कोरड्या दिवशीही तीच रेषा आणि ओल्या दिवशीही तीच. म्हणून अशा रस्त्यावर शिरायच्या आधी कॅननव्हिल, एस्कलांटे किंवा कनॅबच्या व्हिजिटर सेंटरमध्ये त्या दिवशीची स्थिती विचारायचीच.

थोडंफार मात्र नकाशावरून काढता येतं. रस्ता तुटक निळी रेषा किती वेळा ओलांडतो ते मोजा. ती निळी रेषा म्हणजे कोरडा ओढा, तिकडे त्याला वॉश म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता वॉश ओलांडत नाही, त्याच्या पात्रातूनच मैलभर चालतो. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग येतात, पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, वीस मैल लांब वरच्या पठारावर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. त्या महिन्यांत जाणार असाल तर वॉशमधून जाणारा रस्ता आधीच खोडून टाका.

जमिनीचे रंग. नेवाडाची साधारण ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, युटाची ६० टक्क्यांहून जास्त, आणि त्यातली बरीचशी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे. बीएलएमच्या जमिनीवर सहसा एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो, नॅशनल पार्कात तसं चालत नाही, खाजगी रँचवर तर नाहीच. अ‍ॅरिझोनात राज्याच्या ट्रस्ट लँडवर फिरायला वेगळं परमिट लागतं. नावाहो नेशनमध्ये, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वतःच्या प्रदेशात, मुख्य रस्ता सोडून आत जायचं असेल तर त्यांचं परमिट घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे, लोकांची घरं आहेत तिथे. अंधार पडतोय, तंबू कुठे टाकायचा ठरत नाहीये, अशा वेळी पानावरचा रंग बघून दोन मिनिटांत निर्णय होतो. माझ्यासाठी तरी बेंचमार्क घेण्याचं हेच मोठं कारण.

नॅशनल फॉरेस्टमध्ये अजून एक भानगड आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या २००५ च्या नियमानंतर त्यांनी मोटर व्हेइकल यूज मॅप काढले, फुकट मिळतात, काळेपांढरे, डोंगर वगैरे काही दाखवत नाहीत, दिसायला रद्दी, पण कायद्याने तोच नकाशा खरा. त्यात रस्ता नसेल तर समोर जमिनीवर स्पष्ट रस्ता दिसत असला तरी गाडी घालायची नाही. बीएलएमच्या भागात काही रस्त्यांवरून तर कोर्टबाजी चालू आहे, १८६६ च्या एका कायद्याने सरकारी जमिनीवरून रस्ते काढायला मुभा होती, तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला पण आधीचे हक्क राहिले, आणि युटा राज्य अशा हजारो रस्त्यांवर हक्क सांगतंय. अ‍ॅटलस छापणाऱ्याने यात काय करावं बिचाऱ्याने.

फोन फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. गाया किंवा ऑनएक्ससारखं अ‍ॅप घ्या, त्या भागाचे टोपो (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारे) नकाशे घरून निघतानाच डाउनलोड करून ठेवा, तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात हे त्याच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही. यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, १:२४,००० टोपो शीटही फुकट मिळतात, एक सेंटीमीटरला २४० मीटर, फाटे ओळखायला हेच हवं. फक्त जुनी शीट वापरणार असाल तर कोपऱ्यात डेटम (जागा मोजायचा आधार) बघा, १९२७ चा असेल आणि जीपीएस आजच्या सेटिंगवर असेल तर पश्चिमेकडच्या राज्यांत दोनशे मीटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे शेजारच्या कॅन्यनमध्ये. फोनवर सोडायचं नाही ते म्हणजे रूट ठरवणं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगसहून लॉस एंजेलिसला परतणाऱ्या काही गाड्या धुळीच्या वादळामुळे गूगल मॅप्सने हायवेवरून उतरवून वाळवंटातल्या वाटेवर घातल्या, लोक अडकले, गूगलने नंतर माफी मागितली. शिवाय उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो, कागद पडत नाही.

विकत घ्यायच्या आधी एक करा, तुम्ही स्वतः गाडी चालवलेला एखादा कच्चा रस्ता दोन्हींमध्ये शोधा आणि कोणी तो जास्त खरा दाखवलाय ते बघा. कुठल्या वर्षाची आवृत्ती आहे ते बघा, जुनी स्वस्तात मिळते पण बंद झालेले रस्ते आणि बदललेल्या हद्दी त्यात नसतात. पानाच्या मधल्या घडीत रस्ता गिळला जातोय का आणि शेजारचं पान कुठलं ते कडेला लिहिलंय का हेही बघा, चालत्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला याचाच जास्त वैताग येतो.

बजेट असेल तर बेंचमार्क गाडीत आणि डीलॉर्म घरी, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की जी रेषा फक्त डीलॉर्ममध्ये आहे ती संशयित धरून टोपोवर आणि सॅटेलाइट फोटोवर तपासायची. आणि तुमचा आठवडा मुख्यतः फोर कॉर्नर्सच्या, म्हणजे युटा, कोलोराडो, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना जिथे मिळतात त्या जागेच्या, आसपास असेल तर ट्रिपल ए (AAA) या अमेरिकन मोटार संघटनेचा इंडियन कंट्री नावाचा घडीचा नकाशा मिळतो का बघा, चारही राज्यांचा तो तुकडा एकाच कागदावर, कच्च्या रस्त्यांसकट, त्या भागापुरता अ‍ॅटलसपेक्षाही सोयीचा. नेवाडातच फिरणार असाल तर त्याचा उपयोग नाही.