डिस्क गोल्फमध्ये स्त्रियांना आणि पुरुषांना वेगळा सल्ला द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही आणि तुमचे यजमान फिनलंडमध्ये एस्पो येथे राहता आणि दोघांनी बरोबरच डिस्क गोल्फ, म्हणजे चेंडूऐवजी डिस्क (चकती) फेकून ती कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळायला सुरुवात केली आहे. मैदानावर भेटणारी मंडळी तुम्हाला ‘हलकी डिस्क घ्या, लांब फेकण्याच्या भानगडीत पडू नका, पटिंग (बास्केटजवळून केलेली छोटी फेक) पक्के करा’ असे सांगतात आणि यजमानांना मात्र लांब फेकीचे धडे मिळतात. हा भेद योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मला वाटते, या सल्ल्याचे दोन तुकडे वेगळे करून पाहावेत. हलक्या आणि कमी वेगाच्या डिस्कचा सल्ला बरोबर आहे, परंतु तो नवख्या खेळाडूसाठी आहे, त्यामुळे तुमच्या यजमानांनाही तो तितकाच लागू पडतो आणि तो त्यांना कोणी दिला नाही हे त्यांचेच नुकसान आहे. लांब फेकीचा नाद सोडण्याचा सल्ला मात्र तुमच्या बाबतीत जवळजवळ उलटा आहे.

आधी डिस्कविषयी. बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात : वेग, तरंगणे, सुरुवातीचे वळण आणि शेवटचे वळण. यातला वेगाचा आकडा पुष्कळांना डिस्कचा गुण वाटतो, प्रत्यक्षात ती फेकणाऱ्याकडून केलेली मागणी असते. इनोव्हा कंपनीची ‘डिस्ट्रॉयर’ ही 12 वेगाची ड्रायव्हर (लांब फेकीची) डिस्क जोरात सोडली तर दूरवर सरळ जाते. तिला हवा तेवढा वेग मिळाला नाही, तर उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा ओढून) फेकणाऱ्याची डिस्क लवकरच डावीकडे कलते आणि झुडपांत शिरते. त्याच हाताने त्याच कंपनीची 6 वेगाची ‘लेपर्ड’ फेकली, तर ती बहुधा जास्त सरळ आणि बऱ्याचदा जास्त लांबही जाते. वजनाचेही तसेच आहे. नेहमीच्या ड्रायव्हर 170 ते 175 ग्रॅमच्या असतात. 150 ते 160 ग्रॅमची डिस्क तेवढ्याच ताकदीत अधिक वेगाने हातातून सुटते, म्हणून मंद हाताला ती साथ देते, मात्र समोरून वारा असला की ती चटकन उलटते. लॅटिट्यूड 64 या स्वीडिश कंपनीची ‘डायमंड’ याच कारणासाठी मुद्दाम हलक्या वजनात बनवली जाते. या सगळ्यात स्त्री-पुरुष हा घटक कुठेही येत नाही, येतो तो फक्त हाताचा वेग. दुकानात मात्र नवख्या पुरुषाच्या हाती 12 वेगाची डिस्क सहज दिली जाते, तो वर्षभर ती डावीकडे झाडांत घालत राहतो आणि दोष स्वतःच्या ताकदीला देतो. स्त्रियांना निदान या एका बाबतीत सल्ला चांगला मिळतो, भले तो देण्यामागचे कारण चुकीचे असो.

आता लांब फेकीकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. उच्च पातळीवर अंतरातला फरक मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2016 मध्ये अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात प्रिम येथे, पाठीशी जोराचा वारा घेऊन, डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी 338 मीटर फेक केली आणि त्याच ठिकाणी जेनिफर ॲलन यांची फेक 173 मीटरांची झाली. उंची, हाताची लांबी आणि कमरेवरच्या भागातली ताकद यांतला सरासरी फरक शिखरावर असा उघड दिसतो. परंतु तुम्ही आणि तुमचे यजमान ज्या पायरीवर आहात, तिथे फेक अडते ती बहुतांशी ताकदीमुळे नव्हे, तर तंत्रामुळे. चाळीस-पंचेचाळीस मीटरांवर पडणारी डिस्क पाहिली, तर बहुधा तिची पुढची कड वर उचललेली असते. त्यामुळे ती हवेत चढते, थबकते आणि खाली बसते. हातातून डिस्क सुटताना कड किंचित खाली ठेवली, फेकीच्या आधी कंबर खांद्यांच्या पुढे वळली आणि डिस्क छातीच्या रेषेतून सरळ ओढली गेली, की त्याच शरीरातून साठ मीटर निघतात. हे मोकळ्या मैदानावर, बास्केटकडे न पाहता शिकण्याचे काम आहे आणि ते स्त्रीला शक्य नाही असे मानण्यास काहीही आधार नाही.

शंभर मीटर लांबीच्या एका होलचा (पहिल्या फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्याचा) हिशेब मांडून पाहा. पंचेचाळीस मीटर फेकणारी खेळाडू दोन चांगल्या फेकींनंतरही बास्केटपासून दहा मीटरांवर उरते. तिथून तिसऱ्या फेकीत डिस्क आत पडणे नवख्याला कठीण, म्हणजे चार हाच तिचा नेहमीचा आकडा. तीच खेळाडू साठ मीटर फेकू लागली, तर दुसरी फेक बास्केटच्या पायथ्याशी बेताने ठेवता येते आणि तीन हा आकडा हातात येतो. होल थोडे लांब असले तर हा फायदा आणखी वाढतो. याउलट पंच्याऐंशी मीटर फेकणाऱ्याने आणखी दहा मीटर मिळवले, तर त्याला क्वचित एखादी फेक वाचवता येईल. पण फिनलंडमधली बरीचशी मैदाने पाईन, स्प्रूस आणि बर्चच्या रानांतून काढलेली असल्यामुळे जोर वाढला आणि दिशा ढळली, तर बाहेर येण्यात एक फेक सहज जाते. म्हणून पटिंग आणि अचूकपणा यांवर वेळ घालवण्याचा सल्ला खरे तर अधिक लांब फेकणाऱ्याला द्यायला हवा आणि लांबी वाढवण्याचा सल्ला कमी फेकणाऱ्याला. तुमच्या घरात हे दोन सल्ले पत्ता चुकून एकमेकांच्या नावाने आलेले दिसतात. (तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.)

या खेळाचे नियमही माझ्या बाजूने बोलतात. गोळाफेकीत स्त्रियांचा गोळा 4 किलोचा आणि पुरुषांचा 7.26 किलोचा असतो, व्हॉलीबॉलचे जाळे स्त्रियांसाठी 2.24 मीटरांवर आणि पुरुषांसाठी 2.43 मीटरांवर बांधतात. डिस्क गोल्फमध्ये असा भेद नाही. डिस्कच्या वजनाची आणि आकाराची मर्यादा एकच, बास्केट एकच, आणि बास्केटभोवतीच्या 10 मीटरांच्या वर्तुळात फेकल्यावर तोल सांभाळून मगच पुढे पाऊल टाकायचे हा नियमही सर्वांना सारखा. 1976 मध्ये एड हेड्रिक यांनी सुरू केलेल्या पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या स्पर्धांत स्त्रियांचे वेगळे गट असतात, परंतु दुसरा व्यावसायिक गट ‘पुरुषांचा’ नसून सर्वांना खुला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळाडूंचे मानांकन एकाच मापावर मोजले जाते (आकडा जितका मोठा, तितका खेळाडू चांगला). 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे विश्वविजेती ठरलेली एस्टोनियाची क्रिस्टिन तात्तार या मापावर हजाराच्या घरात पोहोचली आहे, आणि मैदानावर स्त्रियांना आपणहून शिकवायला येणारे बहुतेक गृहस्थ त्याच्या खूपच खाली असतात. 850 मानांकनाची स्त्री आणि 850 मानांकनाचा पुरुष यांना लागणारा सल्ला एकमेकांशी जितका मिळताजुळता असतो, तितका तो 850 आणि 1000 मानांकनाच्या दोन पुरुषांचा असत नाही.

तरीही सरसकट ‘सगळे सारखेच’ असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही, कारण काही गोष्टी स्त्रीच्या शरीराशी थेट निगडित आहेत आणि पुरुष प्रशिक्षक संकोचाने त्या बोलत नाहीत. बॅकहँड शिकवताना ‘डिस्क छातीला लागून ओढा’ असे सांगतात. ते पुरुषाच्या सपाट छातीवर बेतलेले आहे. पुष्कळ स्त्रियांना ही रेषा छातीच्या किंचित खालून किंवा थोडी वरून घ्यावी लागते, काहींना कमरेतून जरा अधिक पुढे झुकावे लागते. हे कोणी सांगितले नाही, तर हात छातीला वळसा घालून गोल फिरतो, मग फेकीतली सगळी ताकद त्या वळशात जिरते आणि प्रशिक्षक म्हणतो की जोर कमी पडतो. चांगला स्पोर्ट्स ब्रा हा या खेळात डिस्कइतकाच साहित्याचा भाग आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. वळण घेणाऱ्या खेळांत स्त्रियांना गुडघ्याच्या सांध्याच्या आत असलेल्या अस्थिबंधाची (एसीएल) दुखापत पुरुषांपेक्षा अधिक होते. बॅकहँड फेकीत सारे वजन पुढच्या पायावर येते आणि शरीर त्यावर फिरते. पाऊल जमिनीत रुतून राहिले आणि वरचे शरीर वळले, तर ताण गुडघा सोसतो. म्हणून टाचेवर फिरण्याची सवय, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आणि ओल्या टीवर (पहिली फेक करण्याच्या जागेवर) धावत न येता उभ्यानेच फेकणे, यांकडे तुम्ही सुरुवातीपासून लक्ष द्यावे असे मी सुचवेन. हे तुमच्या यजमानांनी केले तर त्यांचेही काही बिघडणार नाही.

हाताच्या पंजाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण आहे. वेगवान ड्रायव्हरची कड दोन सेंटिमीटरांहून रुंद असते, नियमाने ती 2.6 सेंटिमीटरांपर्यंत जाऊ शकते, आणि लहान पंजात ती नीट बसत नाही. पकड ढिली राहिली की डिस्क आधीच निसटते. ज्या पुरुषाचा पंजा लहान आहे त्यालाही हेच लागू, त्यामुळे दुकानात डिस्क हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

राहता राहिली टीची गोष्ट. तुमच्या मैदानावर जवळची आणि लांबची अशा दोन टी असतील, तर तुम्ही जवळच्या टीवरून खेळावे की नाही हे स्त्री असण्यावरून ठरवू नका. दोघांनीही काही फेऱ्या जवळच्या टीवरून खेळा. पार तीनच्या (तीन फेकी अपेक्षित असलेल्या) होलवर ज्याची दुसरी फेक बास्केटजवळ पोहोचत नाही, त्याने जवळच्या टीवर राहावे. ज्याची पोहोचते, त्याने मागे जावे. सुरुवातीला तुम्ही दोघेही बहुधा जवळच्याच टीवर असाल, आणि मग एकाच गुणपत्रिकेवर दोघांचे आकडे खरोखर ताडून पाहता येतील.