बार्शीचं पत्र आणि दोन हजार तास

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी २६ वर्षांची आहे. बार्शीत एका तीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात चार वर्षांपासून ईसीजी काढते. बारावी सायन्स झाले, नंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मुलगी तीन वर्षांची आहे. ईसीजी मला आमच्या सिस्टरांनी शिकवला. दिवसाला पंधरा-वीस निघतात. एकदा डॉक्टरांबरोबर पेशंट घेऊन सोलापूरला गेले होते, तेव्हा तिथली कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या नळी घालून तपासतात ती खोली, काचेबाहेरून पाहिली. तेव्हापासून तेच काम करावंसं वाटतं. मागच्या महिन्यात मोबाइलवर एका परराज्यातल्या संस्थेची जाहिरात आली. कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, दीड वर्ष, घरबसल्या, महिन्यातून एक रविवार पुण्यात प्रॅक्टिकल, फी ४८ हजार दोन हप्त्यांत. नोकरी सोडावी लागणार नाही म्हणतात. मिस्टर म्हणतात भरून टाक. सासूबाई म्हणतात आधी कुणाला तरी विचार. पहिला हप्ता १५ तारखेला आहे. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पैसे भरू नकोस.

अंक हातात पडेपर्यंत तारीख उलटून जाईल म्हणून एवढं वाक्य तुला आधीच कळवलं होतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षभरात याच मजकुराची पत्रं मला इतरही गावांहून आली आहेत. मी ३१ वर्षं मुंबईत हृदयाच्या तपासण्यांची तंत्रज्ञ म्हणून काम केलं, त्यातली २२ कॅथलॅबमध्ये. तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची आहेस.

आधी कायद्याचं सांगते, ते थोडक्यात आटपतं. संसदेने २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याला जोडलेल्या व्यवसायांच्या यादीत कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे आणि तू आज करतेस ते ईसीजीचं कामही आहे. आपल्या कामाला देशाच्या कायद्यात नाव मिळालं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. या कायद्याने शिक्षणाचे तास ठरवले. संलग्न व्यावसायिक म्हणवून घ्यायला कमीत कमी २००० तासांचा, दोन ते चार वर्षांत पसरलेला डिप्लोमा किंवा पदवी हवी. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला ३६०० तास. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली आहे.

आता तुझ्या जाहिरातीचा हिशेब मांड. महिन्याला एक रविवार, म्हणजे दीड वर्षात १८ रविवार. प्रत्येक रविवारी अगदी सहा तास धरले तरी १०८ तास होतात. २००० कुठे आणि १०८ कुठे. त्या कागदावर शिक्का कितीही मोठा असला तरी उद्या नोंदणीच्या वेळी तो पुढे करून उपयोग नाही, आणि ४८ हजार हा तुझ्या पगाराचा किती महिन्यांचा पैसा आहे हे मी विचारत नाही, तुला ठाऊक आहे.

पण समजा कायदा नसता, तरीही मी तुला नकोच म्हटलं असतं. ते का, हे मला नीट सांगायचं आहे.

काचेबाहेरून तू पाहिलंस ते हेच असेल : आत डॉक्टर शिशाचा अ‍ॅप्रन घालून उभे, पडद्यावर काळी-पांढरी नळी हलते आहे, बाहेर एक जण मॉनिटरसमोर बसलेला. तो बसलेला माणूस म्हणजे मी. मनगटातून किंवा जांघेतून घातलेली बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जाते तेव्हा डॉक्टरांची नजर एक्स-रेच्या चित्रावर असते. नळीच्या टोकाचा रक्तदाब माझ्यासमोर लाटांच्या रूपात उमटत असतो, १२०, ८०, १२०, ८०. आणि मग एखाद्या पेशंटच्या बाबतीत ती लाट एकदम बसते, चपटी होते. याला आम्ही 'डॅम्पिंग' म्हणतो. नळीने रक्तवाहिनीचं अरुंद तोंडच बंद केलंय, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्या क्षणी एक्स-रेत वाहिनी दिसावी म्हणून सोडायचं रंगद्रव्य सोडलं तर वाहिनी आतून फाटू शकते, किंवा हृदयाची लय बिघडून फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्याऐवजी नुसती थरथर, होऊ शकतं. डॉक्टरांचं बोट इंजेक्शनवर असतं. तुला त्या एक-दोन सेकंदांत मोठ्याने म्हणावं लागतं, "सर, डॅम्पिंग!"

वाचायला सोपं वाटतं. मला ते मोठ्याने म्हणायला तिसरा महिना उजाडला. लाट ओळखू येत होती, पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना थांबा म्हणायला घशातून आवाज निघत नव्हता. शेजारी आमचे सीनियर बसायचे, ते म्हणायचे. एके दिवशी ते मुद्दाम गप्प बसले आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा निघाला आवाज. हे पोस्टाने कसं यायचं? व्हिडिओत लाट दिसेल, शेजारी बसलेला माणूस कुठून येणार?

आणखी एक लहानशी गोष्ट. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर पेशंटच्या छातीच्या मध्यपातळीवर ठेवून तिथे 'झीरो' करावा लागतो. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तर दाब सात-आठ मिलिमीटरने जास्त दिसतो. महाधमनीच्या १२०मध्ये ते खपून जाईल. पण फुप्फुसाकडचा दाब, जो बाराच्या आत असायला हवा, तो वीस दिसेल आणि धडधाकट माणसाच्या कागदावर हार्ट फेल्युअर लिहिलं जाईल. टेबल वर-खाली झालं की पुन्हा झीरो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की लाट मंदावते, तो बोटाने टिचकी मारून काढायचा. हे सगळं हातात उतरतं, तेही कुणीतरी शंभर वेळा "पुन्हा कर" म्हटल्यावर. आमच्या लॅबमध्ये एकदा असाच विकतचा डिप्लोमा घेतलेला एक मुलगा रुजू झाला होता. हुशार होता, पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या आठवड्यात त्याने अ‍ॅप्रन घातला, पण किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीशी लावायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो खिशात घेऊन फिरत होता. चूक त्याची नव्हती. त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यांची होती. सहा महिन्यांत तो सोडून गेला, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तुझ्या मनात येईल की मग चार वर्षांचं माझं काम फुकट गेलं का. मुळीच नाही. पण मला तुला काही विचारायचं आहे. छातीवरचे इलेक्ट्रोड, व्ही-वन आणि व्ही-टू, तू नक्की कुठे लावतेस? चौथी बरगडी-फट बोटाने चाचपून, उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला, की अंदाजाने वर कुठेतरी? व्ही-फोर बायकांच्या बाबतीत स्तनाखाली, पाचव्या फटीत जातो, की पदर बाजूला करायला त्या लाजतात म्हणून वरच चिकटवला जातो? आपल्याकडे छोट्या गावांत बायकांचे कितीतरी ईसीजी असे संकोचापायी चुकतात. पुरुष तंत्रज्ञ असला की बाई अंग चोरते आणि तो घाई करतो. तू बाई आहेस. पडदा ओढ, चादर दे, "मावशी, मी लावते, कुणी येणार नाही" एवढं म्हण आणि इलेक्ट्रोड जागच्या जागी लाव. हे तुझ्या हातात आजपासून आहे, आणि याने जीव वाचतात.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात मी उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट लावल्या होत्या. पट्टीवरची लीड वन नावाची रेघ पूर्ण खाली गेली, एव्हीआर नावाची वर आली. सीनियरांनी पट्टी पाहिली, पेशंटकडे गेले, स्वतः वायरी बदलल्या, दुसरी पट्टी काढली आणि दोन्ही माझ्या हातात देऊन म्हणाले, घरी जाऊन फरक लिहून आण. त्या दोन पट्ट्या मी निवृत्त होईपर्यंत कपाटात ठेवल्या होत्या.

घरी करण्यासारखा दूरचा अभ्यास हाच, आणि तो मनापासून कर. रोजच्या वीस पट्ट्यांतली एक निवड. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ चा. ३०० ला दोन आर-लाटांमधल्या, म्हणजे दोन उंच टोकांमधल्या, मोठ्या चौकोनांनी भाग, की ठोक्यांचा वेग आला. पेशंटचं नाव न लिहिता तुझा अंदाज वहीत लिही आणि ओपीडी संपल्यावर डॉक्टरांना दाखव. चार वर्षं ज्यांच्याकडे काम करतेस ते पाच मिनिटं नक्की देतील. हृदयाच्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांचं चित्र न बघता काढता येईपर्यंत काढत राहा. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस; मी मराठी माध्यमातली, या विषयातले शब्द ठरावीक आहेत, दोन-तीनशे झाले की पुस्तक उघडतं. सोलापुरात किंवा पुण्यात एका दिवसाचं बीएलएसचं, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचं, प्रशिक्षण कर, छाती दाबायला पुतळ्यावर शिकवतात. तो एक दिवस मात्र पैसे देऊन करण्यासारखा आहे.

आइंटहोवेन यांचं नाव तू ऐकलं असशील, ईसीजीमागची यंत्रणा शोधल्याबद्दल १९२४चं नोबेल त्यांनाच मिळालं. त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते प्रयोगशाळेतून हलवता येत नसे, म्हणून त्यांनी लायडनच्या हॉस्पिटलपासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेने पेशंटचे ठोके आणले. पेशंट तिकडे मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून बसलेला असे. आज गोव्यात स्टेमी, म्हणजे हार्ट अटॅकच्या एका गंभीर प्रकारासाठीच्या, प्रकल्पात लहान आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी असाच दुरून तज्ज्ञांकडे जातो. आलेख शंभर वर्षांपूर्वीपासून दूरवर जातो आहे. पण पेशंटच्या उशाशी तेव्हाही कुणीतरी लागत होतं, आजही लागतं, आणि तिथे तू आहेस.

आता खरा रस्ता. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात कार्डिओलॉजी तंत्रज्ञाची शाखा आहे. तो पूर्णवेळ आहे, रोज हॉस्पिटलात. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत बीएस्सीचे असेच अभ्यासक्रम आहेत, तिथे फी जास्त. कोणत्याही कॉलेजात गेलीस की फी विचारण्याआधी कॅथलॅब दाखवा म्हण. स्वतःची आहे का, रोज किती केसेस होतात, विद्यार्थी आत उभे राहतात की काचेबाहेर, मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत हे विचार, आणि त्यातल्या एकाशी तरी कॉलेजच्या माणसाशिवाय बोल. व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींसाठी राज्य सरकारची शुल्कमाफी २०२४-२५ पासून आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तुझा प्रवर्ग आणि तो अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर लेखी विचारून घे.

तीन वर्षांची मुलगी घरी ठेवून पूर्णवेळ शिकणं किती कठीण आहे, ते मी हलकं करून सांगणार नाही. माझ्या मते या वर्षी घाई करू नकोस. मुलगी पहिलीत जाईपर्यंत वही भर, पट्ट्या वाच, ४८ हजार बँकेत वेगळे ठेव. आमच्याकडे एक जण एकोणतिसाव्या वर्षी शिकायला आली होती, दोन मुलांची आई. तिचा हात वर्गात सगळ्यांत स्थिर होता. आणि एक दिवस सासूबाईंनाच सोलापूरला घेऊन जा, त्यांना ती काचेपलीकडची खोली दाखव. ज्यांनी तुला "आधी विचार" म्हटलं, त्या नात सांभाळायलाही तयार होतील, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

प्रश्न : मी नागपूरची, मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आले आहे, कामाचा परवाना आहे. इथे कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजीचे काही कोर्स निम्मे ऑनलाइन दिसतात. तेही फसवे समजायचे का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही, तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे काही मान्यताप्राप्त संस्था थिअरी दुरून शिकवतात, पण हॉस्पिटलातले तास प्रत्यक्षच भरावे लागतात. कोर्सला सीएएएचईपी या तिथल्या आरोग्य अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का हे पाहा, आणि तो केल्यावर सीसीआय या संस्थेच्या आरसीआयएस या कॅथलॅब तंत्रज्ञांच्या परीक्षेला बसता येतं का हे सीसीआयकडूनच लिहून घ्या. कॅथलॅबमध्ये काम करायला तिथे ही परीक्षा मानतात. खरी मेख पुढे आहे : प्रत्यक्ष तासांसाठी हॉस्पिटल कोण शोधून देणार, संस्था की तुम्ही? तुम्हीच शोधा म्हणत असतील, तर पैसे भरण्याआधी तुमच्या जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांच्या कॅथलॅबमध्ये फोन करा, तिथल्या मुख्य तंत्रज्ञाशी बोला, आणि बाहेरच्या कोर्सचे विद्यार्थी घेता का, ते विचारा. एकानेही हो म्हटलं नाही, तर दुसरा कोर्स बघा.