मी थांबलो आणि नेमका तोच आकडा लागला तर?

साठी उलटलेले निवृत्त हिशेबनीस. लॉटरीचा नाद सुटावा म्हणून मुलगी त्यांना माझ्याकडे, समुपदेशकाकडे, जवळजवळ ओढूनच घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसल्याबसल्या काकांनी पिशवीतून जाडजूड रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, मला जुगारी समजू नका. मी अभ्यास करतो."

रजिस्टर खरोखर देखणं होतं. रोजच्या तीन अंकी सोडतीचे चार वर्षांचे निकाल निळ्या शाईत, बरेच दिवस न आलेल्या अंकांभोवती लाल गोल, बेरजेचा रकाना वेगळा, सम-विषमाचा वेगळा. पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले. मी ते सावकाश, पान न पान पाहिलं. अशी वही न बघता बाजूला सारली की समोरचा माणूस तिथेच हातचा जातो, हा माझा अनुभव आहे.

"हे लाल गोल कसले?"

"हे अंक मागे राहिलेत. आता यायलाच हवेत."

हे "यायलाच हवेत" मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. त्यांना इटलीतली गोष्ट सांगितली. तिथल्या व्हेनिसच्या सोडतीत 53 हा आकडा 2003 पासून सलग 182 वेळा आला नाही. आता येणारच, म्हणून लोकांनी आयुष्यभराची पुंजी लावली. माणसं जिवानिशी गेली. 9 फेब्रुवारी 2005 ला तो एकदाचा आला, पण तोवर कित्येक घरं धुऊन निघाली होती. सोडतीला कालचं काही आठवत नाही. काकांच्या सोडतीतले 000 ते 999 हे हजार आकडेही रोज नव्याने सारखेच उभे असतात.

काका ऐकत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. "मग दर दहा-बारा दिवसांनी माझा आकडा एकाच अंकाने कसा हुकतो? पद्धत जवळ आलीये म्हणूनच ना?"

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण माणसाला खेळात धरून ठेवतो तो थोडक्यात हुकलेला आकडाच. मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि एवढंच विचारलं, की एका आकड्याच्या एकाच जागी चूक किती प्रकारे होऊ शकते? तीन जागा, प्रत्येक जागी दुसरे नऊ अंक. 27, त्यांनी लगेच लिहिलं. ते रोज तीन आकडे लावायचे. 27 त्रिक 81. हजारात 81, म्हणजे साधारण दर बाराव्या दिवशी. पेन थांबलं. ते बराच वेळ त्या 81 कडे बघत राहिले.

मग महिनाभर एक प्रयोग केला, फक्त कागदावर. त्यांचे अभ्यासाचे तीन आकडे आणि मुलीने डोळे मिटून उचललेल्या तीन चिठ्ठ्या. तीस दिवसांत एकही आकडा लागला नाही. एका अंकाने हुकले ते काकांचे दोनदा, चिठ्ठ्यांचे तीनदा. अशा खेळांत सर्रास दिसणारा दर एकास पाचशे असतो, शक्यता मात्र हजारात एक. तीन वेगळ्या अंकांचा आकडा कोणत्याही क्रमाने आला तरी चालेल असा लावला तर शक्यता सहापट, पण बक्षीसही साधारण सहाव्या हिश्श्याचं. आकडा कसाही निवडा, लावलेल्यातलं सरासरी निम्मंच परत येतं.

गणित पटलं, तरी तिकिटं चालूच राहिली. मुलगी चिडली. मला आश्चर्य वाटलं नाही. तिसऱ्या भेटीत ते हळूच म्हणाले, "एक आकडा मी नऊ वर्षं रोज लावतोय. मी थांबलो आणि नेमका तोच लागला तर? मला जगता येणार नाही हो."

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. "तसं होणार नाही" असं खोटं मी सांगत नाही. होऊ शकतं, उद्याही हजारात एक, दहा वर्षांनीही तेवढंच. पण न पाहिलेला निकाल टोचत नाही. म्हणून तिकिटं थांबवण्याआधी आम्ही निकाल बघणं थांबवलं. रजिस्टर मुलीकडे गेलं, फोनवरच्या सूचना बंद झाल्या. आणि त्या भीतीच्या दिवसासाठी त्यांनी आधीच स्वतःला चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली: "आज तो आकडा आला. मी लावला नव्हता. माझ्या खिशातून काही गेलेलं नाही." संध्याकाळचा रिकामा तास हा वेगळाच प्रश्न होता. निवृत्तीनंतर काम केल्यासारखं वाटायचं ते त्या रजिस्टरपुढेच. आता ते शेजारच्या दोन मुलांना अंकगणित शिकवतात.

सहाव्या आठवड्यात रात्री त्यांचा फोन आला. कुठेतरी लावलेला निकाल नजरेस पडला होता. त्यांचा नऊ वर्षांचा आकडा, शेवटचा अंक तेवढा वेगळा.

"हात पाकिटाकडे गेला होता, मॅडम."

"मग?"

"चिठ्ठी हाताला लागली." जरा थांबून म्हणाले, "सत्तावीसातला एक होता."