परफॉर्मन्स कॅमशाफ्टने इंजिनची ताकद नेमकी कशी वाढते?

मुळात हवेला आत शिरायला जास्त वेळ आणि जास्त जागा मिळते म्हणून. ६००० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला जेमतेम ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सिलिंडर पूर्ण भरणं अवघड. कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा फिरता दांडा. त्याचा लोब, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा उंचवटा, उंच आणि रुंद केला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. खरी गंमत पुढेच आहे: पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) उघडाच ठेवतात, कारण वेगात येणारी हवा स्वतःच्या जोरावर आत घुसतच असते. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद.

कमी आरपीएमला मात्र हवेत तो जोर नसतो. आत आलेली हवा उलटी ढकलली जाते, कमी आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पडतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं. त्यामुळे रोज ट्रॅफिकमध्ये चालवायच्या गाडीत मी तरी मोठा कॅम घालणार नाही.

घालणारच असाल तर बहुतेक वेळा कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि नवं ट्यूनिंग लागतंच. आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय इंजिन अजिबात सुरू करू नका; दोघं एकमेकांना लागले की व्हॉल्व्ह वाकलाच म्हणून समजा.